वायगावची हळद, एच.आय.व्ही. आणि वैद्याचे उत्तरदायित्व

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात पिकणाऱ्या वायगाव हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. करक्युमिनच्या विपुलतेविषयी तिचा लौकिक आहे. त्यामुळे ‘हळद एच.आय.व्ही.स रोखते’ हे विधान आपल्या भागात सहज पटते. तथापि हे अर्धसत्य असून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्यातील सत्य पाहू. हा विषाणू सी.डी.४ पेशींत शिरून आपले जनुकीय द्रव्य त्यांच्या गुणसूत्रांत मिसळतो. तेथून नव्या प्रती निर्माण होण्यास विषाणूचे ‘टॅट’ प्रथिन व पेशीतील ‘पी-३००’ विकर यांचे साहाय्य लागते. करक्युमिन या विकराचे कार्य रोखते आणि संवर्धित टी-पेशींत विषाणूच्या वाढीस आळा घालते, असे २००४ साली बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखविले. चरकाचार्यांनी विषघ्न व कुष्ठघ्न गणांत स्थान दिलेल्या हरिद्रेविषयीचे हे संशोधन आपणांस अभिमानास्पदच आहे.

परंतु काचपात्रातील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. १९९६ साली अमेरिकेत बाधित रुग्णांना करक्युमिन देऊन पाहिले असता विषाणूभार घटला नाही. मुखावाटे घेतलेले करक्युमिन अत्यल्प शोषले जाते व यकृतात त्वरित रूपांतरित होते. कालमेघातील अँड्रोग्राफोलाइडची चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत सी.डी.४ पेशी वाढल्या, विषाणूभार मात्र लक्षणीय घटला नाही, आणि तीव्र अधिहृषतेसह अन्य दुष्परिणामांमुळे चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.

यावर कोणी म्हणेल, मरिच-पिप्पलीची जोड द्यावी. पिपरिनमुळे करक्युमिनची जैवउपलब्धता मानवात सुमारे वीसपट वाढते, हे १९९८ सालच्या भारतीय अभ्यासात दिसले आहे. पण हेच पिपरिन इतर औषधांची रक्तातील पातळीही वाढविते. नेव्हिरापीन या विषाणुरोधकाबाबत तसे २००७ साली नोंदले गेले. म्हणून ए.आर.टी. घेणाऱ्या रुग्णास त्रिकटूयुक्त कल्प दीर्घकाळ देण्यापूर्वी त्याच्या ए.आर.टी. चिकित्सकाशी विचारविनिमय आवश्यक आहे.

शासनाने २००४ पासून ए.आर.टी. विनामूल्य उपलब्ध केली आहे. ती खंडित झाल्यास गुणसूत्रांत दडलेला विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो. यास्तव कोणत्याही वैद्याने ती बंद करण्याचा सल्ला देऊ नये. अग्निमांद्य, अरुची, त्वग्विकार यांत आपली चिकित्सा पूरक म्हणून अवश्य द्यावी व तिची नोंद ठेवावी.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनीही स्मरणात ठेवावे की, जे रोग बरे करण्याचा दावा औषधास करता येत नाही, त्यांच्या अनुसूची ‘जे’मध्ये एड्सचा समावेश आहे. वायगावच्या हळदीची कीर्ती तिच्या गुणांवर उभी आहे. तीस खोट्या वेष्टनाची गरज नाही.