‘त्या काळी सगळीकडे असंच होतं!’

या वाक्याशी आपली सगळ्यांचीच जुनी ओळख आहे. केशवपनाविषयी बोला, बालविवाहाविषयी बोला, मुलीला वारसाहक्क नाकारण्याविषयी बोला, समोरचा समंजस माणूस (बहुधा तो पुरुषच असतो, पण नेहमीच नाही) हे वाक्य टाकतो आणि चर्चा संपते. आजच्या चष्म्यातून काल बघू नका, त्या काळी सगळीकडे असंच होतं.

हेच वाक्य मला ग्रीक कलेवरच्या पुस्तकांत भेटले. मी कलेची विद्यार्थिनी नाही. एम. एस. डब्ल्यू. झाल्यापासून कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. आमच्या अभ्यासवर्गात ‘स्त्रीची प्रतिमा’ हा विषय निघाला, तेव्हा जाहिराती आणि सिनेमा यांच्या मागे जावे म्हणून मी वाचायला लागले. सगळीकडे एकच सूर. अथेन्समध्ये लोकशाही जन्मली, दगडातून माणूस जिवंत झाला, पार्थेनॉनसारखे मंदिर उभे राहिले. बायकांना मत नव्हते, प्रतिष्ठित घरातल्या बायका पुरुषांच्या बैठकीत येत नसत, हे खरे, पण... आणि पुढे तेच वाक्य. मला एवढेच मांडायचे आहे की हे वाक्य खोटे आहे, आणि त्याचा पुरावा कलेतच आहे.

आधी ग्रीकांकडे पाहू. त्यांच्या शिल्पकलेची ‘प्रगती’ शिकवली जाते ती अशी : इ.स.पू. ६०० च्या सुमाराचा तरुण पुरुषाचा पुतळा, कूरॉस, ताठ उभा, डावा पाय पुढे, हात अंगालगत, इजिप्तच्या पुतळ्यांची आठवण करून देणारा. मग इ.स.पू. ४८० च्या सुमाराला तोच तरुण एका पायावर भार टाकून सैल उभा राहतो. आणखी तीसचाळीस वर्षांत पॉलिक्लायटॉस हा शिल्पकार भालाधारी पुरुष घडवून शरीराच्या प्रमाणांचा नियमच घालून देतो. सुंदर आहे हे सगळे, नाही म्हणायचे कारण नाही. पण ही प्रगती कोणाच्या शरीराची? पुरुष व्यायामशाळेत उघडे वावरत, शिल्पकार त्यांना रोज पाहत. याच काळातली तरुणीची मूर्ती, कोरे, नखशिखान्त वस्त्रात आहे. तिच्यात जे बदलते ते बहुतांशी वस्त्राच्या चुण्यांत. स्त्रीचा पूर्णाकृती नग्न पुतळा ग्रीकांमध्ये प्रसिद्धीला आला तो थेट इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला, प्रॅक्झिटिलीजने क्निडोस शहरासाठी घडवलेली अ‍ॅफ्रोडायटी. आणि ती कशी आहे? स्नानाच्या वेळी कुणी पाहिल्यासारखी, हाताने अंग झाकणारी. पुरुषाचे नग्न असणे म्हणजे पराक्रम, बाईचे नग्न असणे म्हणजे कुणीतरी चोरून पाहणे. ही विभागणी पुढे दोन हजार वर्षे युरोपच्या चित्रांत राहिली आणि तिथून आपल्या कॅलेंडरांवर आली.

या मूर्तींवर कोरलेला मजकूर मला मूर्तींपेक्षा जास्त बोलका वाटतो. डेलॉस बेटावर इ.स.पू. ६५० च्या सुमाराची एक कोरे सापडली. ग्रीकांच्या दगडी मोठ्या मूर्तींत ती अगदी आरंभीची. ती देवीला वाहिली निकांद्रे नावाच्या स्त्रीने. म्हणजे मूर्ती देणारी बाई! पण पुढचा मजकूर काय सांगतो? ती अमक्याची मुलगी, अमक्याची बहीण, आणि आता अमक्याची बायको. बाप, भाऊ, नवरा, तिघांचीही नावे आहेत. आपल्या रेशनकार्डावरच्या रकान्यांना फार जुने पूर्वज आहेत असे म्हणायचे.

दुसरी मूर्ती फ्रासिक्लिया हिची. अथेन्सजवळ १९७२ साली जमिनीतून निघाली, रंगाचे अंश अजून अंगावर आहेत. (ग्रीक मूर्ती पांढऱ्याशुभ्र नव्हत्या, रंगवलेल्या होत्या, हे अजून किती जणांना ठाऊक आहे?) ही मुलगी लग्नाआधीच वारली. खालचा मजकूर तिच्याच तोंडी आहे : मला आता कायम कुमारीच म्हणतील, देवांनी लग्नाऐवजी मला हे नाव दिले. इतक्या देखण्या स्मारकावर मुलगी गेल्याच्या दुःखाइतकेच तिचे लग्न राहिल्याचे दुःख आहे.

आता पार्थेनॉन. इ.स.पू. ४४७ मध्ये काम सुरू झाले, पेरिक्लीज त्यामागचा नेता. मंदिर देवी अथेनाचे. त्याच पेरिक्लीजने चार वर्षे आधी, ४५१ मध्ये, कायदा केला होता की ज्याचे आई आणि बाप दोघेही अथेन्सचे तोच नागरिक. वरवर पाहता आईलाही महत्त्व मिळाले! प्रत्यक्षात वारस ‘शुद्ध’ हवा म्हणून आईवरची नजर अधिक कडक होण्याला त्यातून बळच मिळाले, असे मला वाटते. भाऊ नसलेल्या मुलीने बापाच्या जवळच्या नातलगाशी लग्न करायचे, म्हणजे जमीन घरातच राहते, ही रीतही अथेन्सचीच. आणि युद्धात पडलेल्यांच्या विधवांना पेरिक्लीजने सभेत केलेला उपदेश इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवला आहे : पुरुषांमध्ये जिची चर्चा कमीत कमी होते, मग ती स्तुती असो की निंदा, तिचीच कीर्ती मोठी. देवीचे मंदिर डोंगरावर, गावाला दिसेल असे. बाई मात्र दिसू नये!

त्या मंदिराच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीत एक घडी केलेले वस्त्र हाती दिले जाताना दाखवले आहे. बहुतेक अभ्यासक ते अथेनाचे वस्त्र मानतात. हे वस्त्र अथेन्सच्या निवडक घरांतल्या मुली आणि बायका महिनोन् महिने विणत. ते सणाला देवीला वाहिले जाई. विणकाम ही त्या बायकांची कला, आणि त्यातला एक धागाही आज उरलेला नाही. दगड उरतो, कापड कुजते. कलेचा इतिहास दगडाचा लिहिला की तो आपोआप पुरुषांचा होतो. इटलीतल्या रुवो येथे सापडलेल्या एका ग्रीक घागरीवर कारखान्यातले कारागीर रंगवले आहेत (काहींच्या मते ते कुंभार नसून धातूचे कारागीर असावेत). अथेना आणि तिच्याबरोबरच्या विजयदेवता त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवायला आल्या आहेत. अगदी कडेला एक बाई बसून भांडे रंगवते आहे. तिच्यापर्यंत मुकुट पोहोचलेला नाही.

एरेक्थिऑन मंदिराच्या सहा दगडी स्त्रिया डोक्यावर छत पेलून उभ्या आहेत. त्यांना सगळे कॅरियाटिड म्हणतात. रोमन लेखक विट्रुव्हियस त्याचे कारण सांगतो की कॅरिये गावाने इराणी शत्रूची बाजू घेतली म्हणून तिथल्या बायकांना गुलाम केले आणि त्यांची शिक्षा कायम दिसावी म्हणून अशा मूर्ती आल्या. अभ्यासक ही कथा मानत नाहीत, बांधकामाच्या मूळ हिशेबात त्यांना नुसते ‘कोरे’ म्हटले आहे. मलाही त्या शिक्षा भोगणाऱ्या वाटत नाहीत, उलट फार डौलदार वाटतात. पण गुन्हा पुरुषांच्या राजकारणाचा आणि ओझे बायकांच्या डोक्यावर, ही कथा रोमन वास्तुकाराला सहज सुचली आणि वाचणाऱ्यांना सहज पटली, हे विसरायला नको.

आता समुद्र ओलांडून इटलीत जाऊ. आर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यान एट्रुस्कन लोकांची शहरे होती. काळ तोच. व्यापार ग्रीकांशी, इतका की सुंदर ग्रीक भांडी मोठ्या संख्येने एट्रुस्कन थडग्यांतच सापडली, आणि अठराव्या शतकात लोक त्यांना ‘एट्रुस्कन भांडी’च समजत. देवांच्या कथा पुष्कळशा त्याच, लिपी ग्रीकांकडून घेतलेली. म्हणजे ‘त्यांना माहीत नव्हते’ असे म्हणायची सोय नाही.

चेर्वेतेरी येथे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली भाजक्या मातीची एक शवपेटी सापडली, आज ती रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. झाकणावर नवराबायको एकाच बैठकीवर, लोडाला टेकून, जेवणाच्या पंगतीला असावेत तसे. त्याचा हात तिच्या खांद्यावर, तिचे दोन्ही हात काही बोलत असल्यासारखे पुढे. दोघे हसतायत. टेकून जेवण्याची ही पद्धत ग्रीकांच्याही मेजवानीची. पण ग्रीक भांड्यांवर अशा मेजवानीत जी बाई दिसते ती बहुधा पैसे देऊन आणलेली, बायको तिथे नसते. एट्रुस्कनांनी बैठक तीच ठेवली आणि तिच्यावर बायकोला बसवले. तार्क्वीनियाच्या बिबळ्यांच्या थडग्यातही (इ.स.पू. ४८०-४७० च्या सुमाराचे) स्त्रीपुरुष असेच जोडीने पंगतीला रंगवलेले आहेत.

ग्रीकांना हे सहन झाले नाही. चौथ्या शतकातला इतिहासकार थिओपॉम्पस लिहितो की एट्रुस्कन बायका परपुरुषांबरोबर जेवतात, वाटेल त्याच्या नावाने पेला उंचावतात, फार पितात, आणि मुलांचा बाप कोण हे त्यांना माहीत नसते. रात्री बैठकीवरून घरी जाणाऱ्या कार्यकर्तीविषयी शेजारी जे बोलतात, त्यापेक्षा यात वेगळे काय आहे? रोमन लिव्हीने तर या तुलनेची कथाच लिहिली. कोणाची बायको चांगली अशी पैज लावून नवरे रात्री घोड्यांवरून घरी येतात. एट्रुस्कन घराण्यातल्या राजसुना मेजवानीत सापडतात, रोमन ल्युक्रेशिया दासींबरोबर लोकर कातताना. पैज तीच जिंकते. तिच्या चांगुलपणाची कीर्ती झाली म्हणूनच राजपुत्राची नजर तिच्यावर जाते. तो बलात्कार करतो आणि ती जीव देते. घरात बसून सूत कातणारीही सुरक्षित राहिली नाही, हा धडा मात्र त्या कथेतून कुणी काढत नाही.

एट्रुस्कनांची साहित्यसंपदा नष्ट झाली. म्हणून त्यांच्या बायकांविषयी लिखित उरले ते बरेचसे विरोधी पुरुषांचे. थडगी नसती तर आपण थिओपॉम्पसवर विश्वास ठेवला असता.

वास्तुकलेतही फरक आहे. ग्रीक मंदिर दगडी, चारी बाजूंनी खांब. (मुंबईच्या टाउन हॉलच्या खांबांचे मूळ तिथलेच.) एट्रुस्कन मंदिर उंच जोत्यावर, पायऱ्या फक्त समोर, लाकूड आणि कच्च्या विटांचे, छपरावर मातीच्या मोठ्या मूर्ती. ते पडून गेले, म्हणून ‘ग्रीकांची नक्कल’ हा शिक्का सहज बसला. टिकली ती चेर्वेतेरीची थडगी, मऊ खडकात खोदलेली घरेच ती, खोल्या, पलंग, उशा यांच्यासह. ‘उठावशिल्पांचे थडगे’ म्हणतात त्यात खांबांवर घरातल्या नि स्वयंपाकाच्या वस्तू कोरल्या आहेत, हत्यारांच्या बरोबरीने. डाव-पळ्यांना स्मारकात जागा मिळालेली मी दुसरीकडे फारशी पाहिली नाही.

आपल्या अभ्यासवर्गांत अशा वेळी कुणी तरी उत्साहाने ‘स्त्रीराज्य’ म्हणते. एकोणिसाव्या शतकात बाखोफेन या विद्वानालाही तिथे मातृसत्ता दिसली होती. मला ते मान्य नाही. शहराच्या अधिकारपदांवर पुरुषच होते. चेर्वेतेरीत थडग्याबाहेर पुरुषासाठी लिंगाच्या आकाराचा दगड ठेवत आणि बाईसाठी घराच्या आकाराचा, म्हणजे बाई म्हणजे घर हे समीकरण तिथेही होतेच. शिवाय ही सारी श्रीमंतांची थडगी. अथेन्सच्या हेगेसो नावाच्या बाईच्या स्मारकशिलेवर (इ.स.पू. ४१० च्या सुमाराची) ती दागिना पाहते आहे आणि समोर दागिन्यांची पेटी धरून दासी उभी आहे. शिळेवर हेगेसोचे नाव आहे, तिच्या बापाचे आहे, दासीचे नाही. तार्क्वीनियाच्या भिंतीवर पंगतीला वाढणाऱ्या उघड्या पोरांचीही नावे नाहीत. या बाबतीत दोन्हीकडे खरोखर ‘असंच होतं’, आणि तेही आपोआप होत नव्हते, कुणीतरी माणसे विकत घेत होते म्हणून होत होते.

मग एट्रुस्कनांकडून मिळते ते काय? त्याच शतकात, त्याच समुद्राकाठी, तीच भांडी वापरणाऱ्या लोकांनी बायकोला पंगतीतून उठवले नाही. तेव्हा अथेन्सने उठवले ते काळाने नव्हे, अथेन्सच्या कायद्याने, मालमत्तेने आणि सोयीने. यापुढे कुणी काळाचा दाखला दिला की मी विचारते, कोणत्या गावचा काळ?

नावांचेच घ्या. एट्रुस्कन कोरीव लेखांत स्त्रीला स्वतःचे पहिले नाव असते : रामथा, थान्चविल, वेलिया. मुलाच्या ओळखीत पुष्कळदा आईचेही नाव येते. इ.स.पू. दुसऱ्या शतकात, एट्रुस्कन शहरे रोमच्या ताब्यात गेल्यावरही, किउसी येथे एका बाईची रंगीत शवपेटी घडवली गेली. आज ती फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने पदर सारते आहे. तिचे नाव आधी लार्थिया आणि मग कुळाचे सेयान्ती. त्याच शतकात रोममधली सर्वांत आदरणीय बाई होती कॉर्नेलिया, कॉर्नेलियस कुळातल्या स्किपिओची मुलगी म्हणून कॉर्नेलिया. तिला एक थोरली बहीण होती. तिचे नावही कॉर्नेलियाच.