काखेत कळसा, गावभर वाय-फाय

शुक्रवारी दुपारी बॉसचा मेसेज : 'फाइल सहापर्यंत हवी.' नो प्रॉब्लेम! वीकएन्डला जोडून एक दिवस घरून काम करायचं म्हणून मी पेठला आलो होतो. नाशिकपासून पन्नासेक किलोमीटर, मधे सावळघाट, आणि पोचलो की आईच्या हातची नागलीची भाकरी. ऑफिसचा नवाकोरा लॅपटॉप उघडला, वाय-फायचा पासवर्ड टाकला. चूक!

'बाबा, पासवर्ड बदललात?'

'हो, कनेक्शनवाल्या पोराकडून बदलून घेतला. गल्लीतली पोरं ओट्यावर बसून फुकट वापरतात, टीव्हीवर माझी मॅच अडकते.'

'नवा काय ठेवला?'

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. 'अवघड ठेवला होता, एवढं नक्की.'

घ्या! बाहेर धो-धो पाऊस, मोबाइलला रेंजची एकच काडी, तीही येऊन-जाऊन. घड्याळात साडेचार.

राउटर उलटा केला. खालच्या स्टिकरवर पासवर्ड असतो खरा, पण तो मूळचा. एकदा बदलला की त्याचा उपयोग शून्य. केबल लावावी, तर या स्लिम लॅपटॉपला तिचं भोकच नाही! बाबांचा फोन बटणांचा. कनेक्शनवाल्या पोराचा फोन लागेना. शेवटी मी टाचणी घेतली. राउटरच्या मागे रीसेटचं बारीक छिद्र असतं, त्यात दहाएक सेकंद दाबून धरलं की सगळं कोऱ्या पाटीसारखं.

एवढ्यात समोरची अकरावीतली मुलगी आईचा डबा परत करायला आली. टाचणी बघून किंचाळलीच. 'दादा, नका दाबू! कनेक्शनचं युजरनेम, सेटिंग, सगळं पुसलं जाईल. मग माणूस येईपर्यंत आमचं सगळ्यांचं नेट बंद!'

बाबांनी मान वर केली. 'आमचं सगळ्यांचं?'

तिनं जीभ चावली. आतून आईचा आवाज आला, 'मीच दिलंय. क्लासचे व्हिडिओ बघायचे असतात पोरांना. पावसात मोबाइलचं नेट चालतं का इथं?'

म्हणजे पासवर्ड आईच्या फोनमध्ये होता! आणि तिला विचारायचं आम्हा दोघा हुशारांच्या डोक्यातही आलं नाही.

तिलाही तो पाठ नव्हताच. मुलीनं आईच्या फोनवर वाय-फायची सेटिंग उघडली, जोडलेल्या नेटवर्कवर बोट ठेवलं, 'शेअर' दाबलं, आईचा अंगठा लावला. क्यूआर कोड आला आणि त्याच्या खाली पासवर्ड. बाबांची पहिली शाळा ज्या पाड्यावर होती त्याचं नाव आणि रुजू झाल्याचं साल! जिथं बाबांनी पदरच्या पैशानं पोरांना वह्या वाटल्या, त्याच पाड्याचं नाव पोरांना अडवायला लावलं होतं. बाबा काहीच बोलले नाहीत.

तर दोस्तांनो, फंडा सिंपल आहे. पासवर्ड आपण विसरतो, एकदा जोडलेलं यंत्र विसरत नाही. ही 'शेअर'ची सोय २०१९च्या अँड्रॉइड १०पासून आहे. आयफोनवर २०२२च्या आयओएस १६पासून वाय-फायच्या सेटिंगमध्ये पासवर्ड सरळ दिसतो. विंडोज ११मध्येही जुन्या नेटवर्कांच्या यादीत तो बघता येतो. टाचणी अगदी शेवटी. आणि ती उचलायच्या आधी कनेक्शनचं युजरनेम आणि त्याचा पासवर्ड लिहून घ्या.

फाइल पाच चाळीसला गेली. दुसऱ्या दिवशी बाबांनी कनेक्शनवाल्या पोराला पुन्हा बोलावलं. गल्लीतल्या पोरांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करून घेतलं आणि दोन्ही पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.

मॅच अजूनही अधूनमधून अडकते. बाबा आता पावसाला दोष देतात.