विझलेला दर्शक दिवा

बैलाने रवंथ करणे थांबविले किंवा चालताना एक पाय जपून टाकला, तर जाणता शेतकरी त्या दिवशी त्याला जुंपीत नाही. मुक्या जनावराची तक्रार ओळखण्याचे हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या दारी उभ्या असलेल्या जुन्या मालवाहू गाडीतील ‘फोर व्हील ड्राइव्ह’चा दर्शक दिवा वर्षभर बंद असला, तरी त्याची कोणी विचारपूस करीत नाही. “दिवा गेला म्हणून गाडी थोडीच अडली आहे?” असे उत्तर मिळते. हे उत्तर वरवर व्यवहारी दिसते. पण ते अखेरीस महाग पडणारे आहे.

हा दिवा शोभेसाठी बसविलेला नसतो. जुन्या पद्धतीच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ओढ नेहमी मागच्या दोन चाकांना मिळते. चिखल, वाळू किंवा निसरडा चढ आला की चालक दांडा ओढून पुढची चाकेही जोडतो. ही जोडणी ट्रान्सफर केस नावाच्या दुसऱ्या गिअरपेटीत होते. एकदा ती झाली की पुढचा व मागचा आस एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरू शकत नाही. त्यामुळे सारा ताण दंतचक्रांवर, दांड्यांवर व सांध्यांवर पडतो. सुकाणू जड होते, टायर खरवडले जातात आणि दांडा अडकून बसतो. अशा वेळी दांड्याशी झटापट न करता गाडी थोडी सरळ मागे घेतली, म्हणजे ताण सैल होऊन तो बहुधा सुटतो.

दोन्ही आसांना ओढ मिळणाऱ्या ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. त्याची पुढची चाके लहान असतात आणि ती जमिनीवर किंचित अधिक वेगाने चालावीत अशीच दंतचक्रांची योजना असते. नांगरटीत त्याचा लाभ होतो. पण ही जोडणी तशीच ठेवून ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीसह डांबरी रस्त्याने कारखान्याकडे निघाला, तर पुढचे टायर अकाली झिजतात. दिवा चालू असता, तर चालकाला चूक पहिल्या फर्लांगातच कळली असती.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो विचारात घेण्याजोगा आहे. मुंबईत जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली. 2 ऑक्टोबर 1952 रोजी समूह विकास योजनेचा आरंभ झाल्यावर जीप खेडोपाडी पोहोचली. त्या जुन्या जीपमध्ये असा दिवा नव्हता. चालक दांड्याची जागा पाहून काम भागवीत असे. मग आताच दिव्याचा एवढा आग्रह कशासाठी? याचे उत्तर असे की, त्या जीपचा दांडा चालकाच्या हाताशी होता व बहुधा एकच चालक वर्षानुवर्षे ती हाताळीत असे. आज गाडी किंवा ट्रॅक्टर मालक, मुलगा, चुलतभाऊ आणि भाड्याने घेणारा अशा अनेकांच्या हाती जातो. जुना दांडा ढिला झालेला असतो. तो पूर्ण बसला की अर्धवट राहिला, हे हाताला कळतेच असे नाही. जेथे हात अनेक, तेथे खूण एक आणि खरी असली पाहिजे.

दिव्याकडे दुर्लक्ष करणे ही एक चूक; न तपासता सुटा भाग बदलणे ही दुसरी. एक प्रसंग अनेक गावी थोड्याफार फरकाने घडतो. मालक म्हणतो, “मिस्त्री, तेवढा नवा स्विच टाकून द्या.” शहाणा मिस्त्री सांगतो, “अण्णा, आधी बघू तरी, खोटं कोण बोलतंय ते.” या उत्तरातच दुरुस्तीचे सारे सूत्र आले.

हा स्विच ट्रान्सफर केसच्या अंगात आट्यांनी बसविलेला एक लहानसा खटका असतो. आतील सरकदांडी पुढे आली की ती त्याची गोळी किंवा खुंटी दाबते, विजेचा मार्ग जुळतो व दिवा लागतो. तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा व चाकांखाली ठोकळे लावावेत. प्रथम फ्यूज व बल्ब पाहावा. नंतर स्विचची वायर काढावी. एकच वायर असल्यास चावी चालू ठेवून तिचे टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवावे. दोन वायरी असल्यास त्या केवळ एकमेकींस जोडाव्यात, लोखंडास लावू नयेत. दिवा लागला, तर बल्ब व वायर ठीक असून दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या आतल्या बाजूस आहे. दिवा लागला नाही, तर नवा स्विच आणून काहीही उपयोग होणार नाही. तुटलेली वायर किंवा गंजलेला जोड शोधावा. मात्र ज्या नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पेटीमार्फत चालते, तेथे असा प्रयोग करू नये.

स्विच काढण्यापूर्वी भोवतालची माती पुसून काढावी, नाहीतर ती गिअरपेटीत जाते. खाली भांडे ठेवावे, कारण थोडे तेल सांडण्याचा संभव असतो. काही बनावटींत स्विचमागे एक सुटी पोलादी गोळी असते. ती हरवू देऊ नये. काढलेल्या स्विचची खुंटी बोटाने दाबून मीटरवर मार्ग जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल, तर स्विच निकामी झाला असे समजावे. नवा स्विच त्याच आट्यांचा व त्याच लांबीचा असावा. त्याखालचा वॉशर मूळ जाडीचाच घालावा. जाडी बदलली की खुंटी दबण्याचे अंतर बदलते आणि दिवा पुन्हा खोटे बोलू लागतो. पेटीचे अंग ॲल्युमिनियमचे असेल, तर पाना जोराने आवळू नये, आटे जातात. शेवटी तेलाची पातळी पाहून कमी झालेले तेल भरावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्विच चांगला निघाला आणि तरीही जागेवर बसविल्यावर दिवा लागत नसेल, तर बहुधा दिवा खरेच सांगत आहे: सरकदांडी पूर्ण सरकलेली नाही, जोडणी अर्धवट आहे. अर्धवट भिडलेल्या दातांवर घाटाचा चढ चढणे म्हणजे दात मोडण्याला आमंत्रण होय. येथे दुरुस्ती दांड्याची व त्याच्या जोडण्यांची करावयाची असते. उलट, पुढच्या चाकांच्या हबला हाताने कुलूप लावावे लागते अशा गाडीत हब मोकळे राहिले, तर दिवा लागूनही पुढची चाके ओढ घेत नाहीत. म्हणून दिव्याचा अर्थ आपल्या गाडीच्या रचनेप्रमाणे समजून घ्यावा लागतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना येथे मोठे काम करता येण्याजोगे आहे. शेतकरी गटांच्या अवजारे बँकांतून ट्रॅक्टर भाड्याने जातात. गट डिझेलची व तासांची नोंद ठेवतो. त्याच वहीत ‘दर्शक दिवे चालू आहेत’ एवढा एक रकाना वाढवावा आणि बंद दिव्याचे यंत्र दुरुस्त केल्यावाचून बाहेर पाठवू नये. यात भाडे घेणाऱ्याचे हित आहे आणि मालकाचेही. चूक कोणाची यावरून पुढे होणारा कलह त्यामुळे टळतो.

दर्शक स्विचचा खर्च आणि ट्रान्सफर केस उघडण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. पेरणीच्या ऐन हंगामात बंद पडलेल्या यंत्राची किंमत तर पैशांत मोजता येत नाही. वाफसा कोणासाठी थांबत नाही. ज्या दक्षतेने शेतकरी बैलाचे खूर पाहतो, त्याच दक्षतेने त्याने यंत्राचा हा लहान दिवा पाहावा. चावी फिरवून दांडा टाकला आणि दिवा लागला नाही, तर त्याच दिवशी कारण शोधावे. आणि कारण कळल्यावाचून त्याची वायर कोणासही तोडू देऊ नये.