प्राचार्यांना मत असावे काय?

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये प्राचार्यांची आणि विद्यार्थ्याची गाठ बहुधा सहीपुरतीच पडते. बोनाफाईड, रेल्वे पासाचा अर्ज, हजेरी कमी भरली म्हणून द्यावे लागणारे हमीपत्र. उरलेला त्यांचा वेळ परिपत्रके आणि ‘नॅक’च्या फायली खातात. तक्रार त्याबद्दल नाही. फायली कोणीतरी पाहिल्याच पाहिजेत. पण समाजात एखाद्या प्रश्नावर वादंग माजले असता आपल्या प्राचार्यांचे मत काय, हे किती जणांना सांगता येईल?

अशा वेळी मला गोपाळ गणेश आगरकर आठवतात. समाजसुधारक म्हणून आपण त्यांचे निबंध वाचतो. ते प्राचार्यही होते हे सहसा ध्यानात राहत नाही. १८९२ साली वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. कॉलेज अवघे सात वर्षांचे. संमतिवयाच्या कायद्याची बाजू घेणारा, विधवांच्या केशवपनावर कोरडे ओढणारा हा माणूस. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढलेली. आणि पालकांनी मुले सोपवायची ती ह्यांच्याच हाती!

आगरकरांनी यातून काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. ‘केसरी’त सहकाऱ्यांशी मतभेद झाले तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि पुढल्याच वर्षी स्वतःचा ‘सुधारक’ काढला. मत आपले, जबाबदारीही आपली; ते संस्थेच्या माथी मारायचे नाही, आणि संस्थेखातर गिळायचेही नाही. ‘सुधारक’ची इंग्रजी बाजू प्रारंभी गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. तेही फर्ग्युसनचेच प्राध्यापक.

कोणी म्हणेल, तो काळ निराळा होता. आज अनुदान, संलग्नता, संस्थाचालक अशा दहा ठिकाणी प्राचार्याला मान तुकवावी लागते. खरे आहे. पण आगरकरांना तरी कुठे मोकळे रान होते? दम्याने शरीर पोखरलेले, प्राप्ती बेताची, आणि संस्थेतले तंटे असे की १८९० मध्ये खुद्द टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. प्राचार्यपदही जेमतेम तीन वर्षे लाभले. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

वार्षिकांकांतून प्राचार्यांचे मनोगत छापले जाते. त्यात निकालाचे आकडे आणि आभार असतात. आकडे अहवालात जावेत. मनोगतात प्राचार्यांनी एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर स्वतःचे मत, स्वतःच्या सहीने लिहावे. आणि आम्हां विद्यार्थ्यांच्या उत्तरासाठी त्याच अंकात चार पाने राखून ठेवावीत.