पॅनल आपल्या छतावर, पाना दुसऱ्याच्या हातात

श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिघी. या पट्ट्यात आपल्यातलं असं घर सापडणं कठीण, ज्यातला कुणी आखातात वायरमन, एसी मेकॅनिक, प्लंबर किंवा फोरमन म्हणून गेला नाही. दोन-तीन पिढ्या आपण परक्या देशांतल्या इमारतींत वीज जोडली. आणि आज श्रीवर्धनच्या छतावर सौर पॅनल बसवायचे म्हटले की टोळी येते शहरातून, दोन दिवसांत काम उरकते आणि निघून जाते. काही महिन्यांनी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला की घरातली बाई फोन लावत बसते. आमच्या घरी हेच झालं. कंपनीचा माणूस यायला सव्वा महिना लागला, आणि आल्यावर त्याने बदलला तो एक गंजलेला कनेक्टर. वीस मिनिटांचं काम.

कागदोपत्री सगळं ठीक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि पॅनल बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. वाडीतल्या विहिरीसाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे, शेतकऱ्याने फक्त दहा टक्के भरायचे. म्हणजे सरकारचा पैसा येतोय, आपलाही जातोय. या पैशातली मजुरी आणि हुन्नर यांपैकी तालुक्यात काय उरतं, हा माझा प्रश्न आहे. माझ्या डोळ्यांना जेवढं दिसतं त्यावरून उत्तर: जवळपास काही नाही.

श्रीवर्धन नकाशात बेट नाही, पण वागायला बेटच. समोर समुद्र, उत्तरेला राजपुरीची खाडी, दक्षिणेला बाणकोटची, पाठीशी डोंगर. मुरुडला जायचं तर दिघीहून आगरदांड्याची फेरी, मंडणगडला जायचं तर बागमांडल्याहून वेसवीची. आपल्याच जिल्ह्यातल्या घारापुरी बेटावर समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोचायला २०१८ उजाडलं. टोकाला राहणाऱ्याकडे सगळं शेवटी येतं, आणि बिघडलेलं दुरुस्त करणारा तर त्याहून उशिरा.

३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळात खांब आडवे झाले, सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या, आणि कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. बाहेरच्या जिल्ह्यांतून पथकं आली, त्यांनी जीव तोडून काम केलं, त्यांचे उपकार आहेत. पण तेव्हा गावागावांत चार-चार शिकलेली, परवाना असलेली पोरं असती तर?

इथे इंजिनिअरिंगमधली एक गोष्ट सांगतो, कारण विकणारा ती सांगत नाही. ग्रीड बंद पडल्यावर एखादा भाग स्वतःच्याच विजेवर चालत राहिला तर त्याला आयलंडिंग म्हणतात, म्हणजे बेट होणं. साधा ऑन-ग्रीड इन्व्हर्टर हे होऊ देत नाही. लाइन गेली की तोही बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. म्हणजे पुढचं वादळ आलं की लखलखीत उन्हातही, डोक्यावर पॅनल असून, घरात अंधार. दवाखाना, मशीद, पाण्याची टाकी अशा ठिकाणी बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर हवा. तो कुठे हवा आणि कुठे फुकटचा खर्च, हे गाव ओळखणारा माणूसच ठरवू शकतो. खाऱ्या हवेचंही तेच. आतल्या जिल्ह्यात चालणारे नट-बोल्ट इथे तांबूस व्हायला वेळ लागत नाही. जीवना बंदरावर बोटीचं इंजिन खोलणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो मिठावर तासभर बोलेल.

डेन्मार्कमध्ये साम्सो नावाचं जेमतेम चार हजार वस्तीचं बेट आहे. १९९७ मध्ये त्यांनी ठरवलं की दहा वर्षांत आपली वीज आपण वाऱ्यावर करायची, आणि करून दाखवली. त्यातल्या बऱ्याच पवनचक्क्या तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि रहिवाशांच्या मालकीच्या आहेत. पैसा डेन्मार्कचा, ते मान्य. पण गावकऱ्यांनी ते काम आपलं मानलं, याला पैसा लागत नाही.

आता कडू भाग. ‘स्थानिकांना काम’ ही भाषा आपल्याला सौदीने शिकवली. २०११ मध्ये निताकात आलं, २०१७ पासून कुटुंबाच्या डोक्यावर फी बसली, आणि किती घरं बॅगा भरून परतली ते तुम्ही पाहिलंय. तरी आपल्या जमातीची बैठक संगमरवराच्या दरावर तासभर चालते. मशिदीवर पॅनल लावायचे ठरले तरी विचारतात एवढंच, की सर्वात स्वस्त कोण? करारात एक ओळ घाला ना: काम चालू असताना तालुक्यातली दोन मुलं पगारावर सोबत राहतील, आणि इन्व्हर्टरचं लॉगिन आमच्याकडे राहील. लॉगिनचं हसू नका. मी सॉफ्टवेअरवाला आहे, ज्याच्याकडे पासवर्ड त्याच्याकडे चावी.

कुणी म्हणेल, जकातीचा पैसा यात कसा घालणार? आपण कोकणी मुसलमान शाफई. इमाम नववींनी ‘अल-मजमूअ’मध्ये स्पष्ट लिहिलंय की हुन्नर येत असलेल्या गरजूला जकातीतून त्याच्या धंद्याची अवजारं घेण्याइतकं द्यावं, किंमत थोडी असो वा जास्त. मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, सेफ्टी बेल्ट ही अवजारंच झाली. रमजानमध्ये रेशनच्या पिशव्या वाटताना, त्याच घरातल्या आयटीआय झालेल्या मुलाकडे एकदा बघा.

आणि एक खबरदारी. हे ‘बाहेरच्यांना हाकला’ नव्हे. झारखंडहून येऊन बोल्ट आवळणारा पोरगा आपल्या कुवेतच्या काकासारखाच आहे. आणि स्थानिक म्हणजे फक्त मोहल्ला नाही. कोळीवाडा, आगरी आळी, कातकरी वाडी, सगळे. मुलीसुद्धा. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने जेमतेम अक्षरओळख असलेल्या बायकांना सौर दिवे जोडायला शिकवलं. आपल्या मुली तर बारावी, बीएस्सी झालेल्या आहेत.

मुलं शिकून परत दुबईलाच जातील, हा आक्षेप मी शंभरदा ऐकलाय. काही जातील, जाऊ देत. पण परतलेल्यांचं काय? वीस-पंचवीस वर्षं पॅनल वायरिंग केलेले आपले चाचा असरनंतर ओट्यावर बसलेले असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. कौशल्य विकास योजनेत आधीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. गेल्या सुट्टीत दोघांशी बोललो. एक दम्मामला सुपरवायझर होते, दुसरे मस्कतला. दोघंही आठवड्यातून दोन संध्याकाळी फुकट शिकवायला तयार आहेत. जागा हवी आणि एक जुना इन्व्हर्टर, खोलून बघायला. जागा जमातीने द्यावी, हॉल इशापर्यंत रिकामाच असतो. इन्व्हर्टर मी आणतो.