टपालाचा उशीर आणि गरिबाची मुदत

छोटी टपाल वर्गीकरण कार्यालये मोडून त्यांचे काम मोठ्या शहरांतील केंद्रांकडे नेण्याचे धोरण टपाल खात्याने गेली काही वर्षे चालविले आहे. २०२४ च्या अखेरीस केरळात रेल्वे डाक सेवेच्या, म्हणजेच आर.एम.एस.च्या, अनेक छोट्या कार्यालयांवर हीच कुऱ्हाड आली आणि तेथील कर्मचारी संघटना तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. आपल्याकडे असा प्रश्न निघाला की तो कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा मानून सोडून देण्याची सवय आहे. वस्तुतः तो जमीनधारक आदिवासीचा आणि कारखान्यातील कामगाराचा प्रश्न आहे.

कर्जत-खालापूरचा भाग घ्या. १८५६ साली पळसदरीवरून खोपोलीपर्यंत रेल्वे आली. बोरघाटातून गाडी धावू लागली ती १८६३ साली. येथील टपालाची वाट या रुळांनी आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार पिनकोड सुरू झाला, तेव्हा त्यातील पहिले तीन अंक वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे ठरले. अलिबाग आणि पेण ४०२ मध्ये, तर कर्जत, खोपोली आणि घाटमाथ्यावरचे लोणावळे ४१० मध्ये. महसुली सरहद्दीपेक्षा टपालाच्या सोयीला मान देणारा हा शहाणपणा होता. आजचे केंद्रीकरण नेमका तोच विसरते.

पळसदरीहून निघालेल्या लोकलला केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली लागते. जवळचे वर्गीकरण बंद झाले की एवढ्याशा अंतराच्या पत्रालाही आधी महानगराची वारी करावी लागते आणि मग उलटे यावे लागते. तेथील यंत्र तासाला हजारो पत्रे निवडत असेल. पण थैली भरेपर्यंतचा, गाडी मिळेपर्यंतचा आणि परतीच्या वाहनाची वाट पाहण्याचा वेळ त्या यंत्राच्या हिशेबात नसतो. तो पत्राची वाट पाहणाऱ्याच्या हिशेबात असतो.

येथे कायद्याचे एक कलम ध्यानात ठेवले पाहिजे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून व टपालहशील भरून रजिस्टर टपालाने पाठविलेली नोटीस, टपालाच्या नेहमीच्या क्रमाने जेव्हा पोचावी तेव्हा पोचली, असे गृहीत धरले जाते. पोचली नसल्यास ते सिद्ध करण्याचा भार नोटीस घेणाऱ्यावर पडतो. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात, निवाड्याच्या वेळी हजर नसलेल्याला नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल तिच्या आत दाद मागावी लागते. वीटभट्टीवर हंगामापुरते गेलेले कातकरी कुटुंब हे कोणत्या पुराव्याने सिद्ध करणार? उशीर खात्याचा आणि बुडते ती गरिबाची मुदत!

कामगारांचेही तेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने प्रत्येक उद्योगात संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. नोटीस कोणत्या दिवशी पोचली यावर संप कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरू शकते. मग त्या दिवसाची विश्वासार्ह नोंद स्वस्तात मिळण्याचा हक्क खोपोलीच्या कामगारास नको काय? घडते आहे ते उलटच. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टास स्थानिक १९ रुपये, तर बाहेरगावी ४७ रुपये पडू लागले आणि नोंदणी हा त्यावरचा निराळा आकार ठरला. जादा दाम द्यायचे ते वेगाचे, आणि वेग राखणारी जवळची कार्यालये मात्र मोडायची!

पत्रे कमी झाली, असे उत्तर मिळते. ती कमी झाली हे खरे. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्डने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटपच थांबविले. परंतु तेथील नागरिकाचा सरकारशी व्यवहार आधीच विजेच्या तारेवर गेला होता. आपल्याकडे तहसीलची, न्यायालयाची आणि बँकेची नोटीस अजून कागदावर येते. शिवाय २०२३ च्या टपाल कायद्याने, जो १८ जून २०२४ पासून अमलात आला, पत्रवहनाची सरकारी मक्तेदारी संपविली. कुरिअर कंपनी जेथे नफा आहे तेथे जाईल. पळसदरीपलीकडच्या वाडीवर जाणार तो अपुऱ्या मोबदल्यावर राबणारा ग्रामीण डाक सेवकच. सेवा मंदावायची, लोक दुरावले की आकडे दाखवायचे आणि आकडे दाखवून सेवा बंद करायची, या चक्राला काटकसर म्हणता येत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ग्रामसभा व कर्मचारी संघटना यांचे म्हणणे ऐकल्याखेरीज एकही वर्गीकरण कार्यालय हलवू नये. प्रत्येक स्थलांतरापूर्वीचा आणि नंतरचा पत्राचा प्रत्यक्ष प्रवासकाळ जाहीर करावा. नोंदणीकृत टपालाचा दर गरिबाला परवडेल इतका ठेवावा. कार्यकर्त्यांनी तोवर आपापल्या गावात येणाऱ्या नोटिसांवरील टाकल्याचा शिक्का आणि मिळाल्याची तारीख यांची नोंद वर्षभर ठेवावी. खाते आकड्यांनी बोलते. त्याला उत्तर आपल्या आकड्यांनीच द्यावे लागेल.