सहकुटुंब बाळापूर

सुटी लागतांच आपणांस दूरचीं स्थळें आठवतात. पण अकोल्याहून पश्चिमेस सुमारें २६ किलोमीटरांवरचें बाळापूर किती वऱ्हाडी कुटुंबांनीं पाहिलें आहे? शेगांवच्या यात्रेस जोडून तें एका दिवसांत होतें.

मन व म्हैस या नद्यांमधील उंचवट्यावर किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा यानें तो आरंभिला व एलिचपूरच्या नबाब इस्माईलखानानें १७५७ सालीं पुरा केला. तटाखालीं बाळादेवीचें देऊळ आहे; वडील मंडळींनीं तेथें विसावावें.

नदीकांठची काळ्या दगडाची छत्री मिर्झाराजे जयसिंगांनीं बांधविली असें मानतात. ही समाधि नव्हे. त्यांचा अंत १६६७ त बुऱ्हाणपुरास झाला. शिवछत्रपतींशीं पुरंदरचा तह करणारे तेच हे जयसिंग, एवढें सांगतांच पुस्तकांतला इतिहास मुलांपुढें दगडांत उभा राहतो.

नद्यांना पूर असतां लेंकरें नेऊं नयेत, हिवाळा उत्तम. आणि पालकहो, एक विनंति. या भिंतींवर आपलें नांव कोरूं न देतां, त्या बांधणाऱ्यांचें नांव मुलांच्या मनावर कोरा. जें त्यांस आपलें वाटेल, तेंच पुढें टिकेल.